आत्याबाईले आयकू येत नव्हतं

आमच्या आत्याबाईले आयकू येत नाही, असं आख्खं गाव म्हणे. आत्याबाई म्हणजे माह्या सासूबाई. आमच्याकडं सासूले आत्याबाईच म्हणतात. पण चुलीवरचं दूध वर याच्या आधी त्यायले आयकू ये. गोठ्यात गाईनं पाय आपटला का ओसरीवरून आवाज, "मोठे, गाईले गोमाशी लागली, पाहून ये बरं." मोठी म्हणजे मी, मोठी सून. आन त्याच ओसरीवर सासरे समोर उभे राहून, बोट नाचवून, नाही नाही ते बोलत, तं आत्याबाई सुपातून नजर वर न करता म्हणत, "काय म्हणता जी? आयकू नाही आलं." सासरे पुन्हा बोलत. "नाही आलं आयकू." तिसऱ्या खेपेले माणूस थकतेच. सासरे टॉवेल खांद्यावर टाकून वावरात चालले जात.

मी लग्न होऊन आली तवा मले वाटलं, बाईचे कान खरंच गेले. मी आपली जोरजोरानं बोलत होती. एक दिवस चुलीपाशी बसून मी एकटीच पुटपुटली, का या घरातलं काम काही सरत नाही. तं पल्याडच्या खोलीतून आवाज आला, "नाही सरत, बाई. माह्या सासूच्या घरीबी नव्हतं सरत." माह्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. पण त्यायनं ते कोणाले सांगतलं नाही, का मी काय बोलली. आन मीबी कोणाले सांगतलं नाही, का त्यायले आयकू येते.

तुमी बी पाहिल्या असान अशा बायका. घरात शब्द चालत नाही, वावर नावावर नाही, भांडाव तं मार पडते. आत्याबाईजवळ एवढं एक बहिरेपण होतं. तेवढ्यावर त्यायनं सगळा संसार रेटला.

मले पहिली पोरगी झाली, दुसरीबी पोरगीच झाली. गल्लीतल्या बाया बसायले आल्या, तोंड पाडून, कोणी मेल्यासारख्या. एक म्हणे, "पुन्हा पोरगीच झाली वो." आत्याबाईनं कानामागं हात नेला. "काय झालं?" "पोरगी झाली म्हणतो." "आयकू नाही आलं." ते बाई वरडली, "पोरगी झाली!" "हो, पण कशी झाली? मले दिसतेबी कमी." आता काय म्हणन ते? म्हणे, "गोड हाय." "आं?" "गोड हाय म्हणतो, गोड!" "असं सांग ना मंग. घ्या वो बायाहो, साखर घ्या." मी बाजेवर पडल्या पडल्या हासली. दोन दिवसांत पहिल्यांदा हासली असंन.

मी चवथी शिकलेली. पाचवीत जाची होती तं माय बिमार पडली आन मी कपाशी वेचायले लागली. बोंडाच्या टोकानं बोटं फाटत, त्यायच्यावर तेल लावून पुन्हा वेचाव. त्याचं मी आता काही बोलत नाही. आमच्या वख्ताच्या सगळ्या बायायचं तसंच झालं. आत्याबाई तं शाळेच्या वट्ट्यावरबी चढल्या नव्हत्या. त्यायचा भाऊ चढला, त्या बकऱ्या घेऊन शाळेमागं उभ्या राहत. "खिडकीतून आयकू ये मले," असं त्यायनं एकदा सांगतलं होतं. "मंग मास्तरनं खिडकी लावून घेतली."

हा भाऊ कौंडण्यपुराले राहे. आत्याबाईचं माहेर तेच, वर्धा नदीच्या काठावर. आमचं गाव इकडं तेल्हाऱ्यापाशी, तिथून दिवसभराची वाट. दर कार्तिकात तिथली जत्रा भरे, आन आत्याबाई आठ दिवस माहेरी जात. बाकी बारा महिने त्यायनं कधी सुट्टी मागतली नाही. भाऊबिजेले भाऊ इकडं ये, मंग जत्रेले बहिणीले संगं घेऊन जाये. आमच्या घरातले सगळे त्यायले मामा म्हणत. मामा आले का ओसरीवर दोघं भाऊबहीण टेकून बसत आन इतकं हळू बोलत, का बाजूले बसलेल्या मले एक शब्द समजत नसे. मामा तं ओठबी हालवत नव्हते जसे. आत्याबाईले सगळं आयकू ये. माहे देर, दिनेश, ते एकदा म्हणाले, "माय, मामापाशी कान उघडतात काय तुहे?" आत्याबाई म्हणाल्या, "आं?"

हे दिनेश म्हणजे आत्याबाईचं शेवटचं लेकरू, माह्या लेकरायसंगं खेळलं, माह्याच हातानं जेवलं. त्यायची बायको आली अमरावतीहून. आम्ही तिले धाकली म्हणो. बारावी झालेली, पोट्टी चुणचुणीत. तिले एक खोड होती, जे दिसन ते वाचाव. पुडक्याचा कागद वाचे, एस.टी.वरची पाटी वाचे, खताच्या पोत्यावरचं वाचे. माहे मालक म्हणत, "ही वाचते का खाते?"

लग्नाले वर्ष झालं आन धाकली म्हणे, "बाई, मले बी.ए. करा लागते." मले बाई म्हणे ते, मोठी जाऊ म्हणून. मी म्हटलं, "इथं कुठचं कॉलेज?" तं तिनं सांगतलं, का मुक्त विद्यापीठ म्हणून असते. पुस्तकं मिळतात, घरी बसून शिकता येते, वर्षाले परीक्षा. मी म्हटलं, "ते तू तुह्या भासऱ्याले सांग, मले नको सांगू." भासरा म्हणजे तिचे मोठे देर, माहे मालक. सासरे गेल्यावर घर त्यायच्याच शब्दावर चाले.

मालक लय गरम झाले. सुनेनं कॉलेज करणं म्हणजे काय, गाव हासंन, उद्या हे पोरगी आपल्याले शिकवंन. सगळं त्यायनं आत्याबाईच्या समोर बसून सांगतलं, का मायनं तिले समजावाव. आत्याबाईनं सगळं आयकून घेतलं. मंग म्हणाल्या, "हो हो, घातला मी वासराले चारा."

"चाऱ्याचं नाही म्हणून राहिलो मी, माय! धाकलीचं कॉलेज!"

"धाकलीले काय झालं?"

"घरी बसून शिकतो म्हणते!"

"घरी बसून ना? मंग बसू दे. घरी बसली तं काय बिघडलं तुहं?"

घरी बसून, हे मात्र मालकायले पटलं. त्यायनं हो म्हटलं ते त्याच्यावरच. आन आमच्या सगळ्यायची चूक तिथंच झाली. घरी बसून म्हणजे काम करता करता, असंच आमी समजलो. पोरीनं पुस्तक उघडलं का कोणी म्हणे, "घरीच तं हायेस, जराशी डाळ पाहून घे." कोणी म्हणे, "घरीच तं हायेस, वासरू सोड." कॉलेज घरात आलं, पण घरानं त्याच्यासाठी बसाची जागा काही काढली नाही.

मंग धाकलीनं आपली रीत काढली. हात कामात, आन पुस्तक समोर टेकवून जोरात वाचाव. मी भाकर थापो, ते भाजी चिरता चिरता वाचे. राजे, लढाया, गावाची पंचायत कशी चालते, माणूस गावातून शहरात काहून जाते. चवथी शिकलेल्या माह्या कानावर बी.ए.चं पहिलं वर्ष सगळं पडलं. आत्याबाई दारात बसलेल्या राहत, सूप घेऊन. धाकली हळू वाचू लागली का त्या म्हणत, "जोरात वाच. आयकू येत नाही." आन जोरात वाचलं का पाठ होते, हे त्यायले कोणी सांगतलं होतं, देव जाणे.

पण घरी बसून सगळं होत नव्हतं. दर आयतवारी अकोल्याच्या एका कॉलेजात वर्ग भरत, तिथं जा लागे. हे धाकलीनं घरात सांगतलंच नव्हतं, दिनेशपाशी कुजबुजली तेवढीच. तिले वाटलं, आता सगळं बुडालं. तं शनवारी जेवताना आत्याबाई मालकायले म्हणाल्या, "मोठ्या, माहे कान लय दुखून राहिले. अकोल्याले डॉक्टर हाय म्हणते एक. धाकली नेईन मले."

दुसऱ्या दिवशी सासूसुना एस.टी.त बसून गेल्या. धाकली वर्गात, आत्याबाई कॉलेजच्या निंबाखाली, संगं भाकरीचं फडकं. पुढच्या आयतवारी पुन्हा. मंग पुन्हा. एकदा मीबी गेली. आत्याबाई निंबाखालून उठून वर्गाच्या खिडकीखाली जाऊन बसल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन. मी म्हटलं, "आयकू येते काय?" त्या म्हणाल्या, "मास्तर लय हळू बोलते. पण खिडकी लावत नाही, बिचारा."

मालकायले संशय आलाच. "आयतवारी कोणता डॉक्टर बसते वो माय?" आत्याबाई म्हणे, "आं?" मालक माह्याकडं पाहून म्हणाले, "एवढ्या आयतवारात तं भिंतीलेबी आयकू आलं असतं." पण त्यायनं अडवलं नाही. आता वाटते, त्यायलेबी सगळं समजलं होतं. तेबी आत्याबाईच्याच पोटचे होते ना.

परीक्षा वैशाखात आली. गाव तापलेलं, दुपारी कुत्रंबी सावली सोडत नाही असे दिवस. धाकलीचे सगळे पेपर अकोल्यात. दिनेश तिले गाडीवर नेत आन घेऊन येत. सगळे पेपर चांगले गेले. एकच राहिला, शेवटचा, आन तो तिले सगळ्यात अवघड. तो गेला का पहिलं वर्ष सुटलं.

त्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी. धाकली वेणी घालता घालता पुटपुटून राहिली होती. दिनेश आंगणात गाडी पुसून राहिले होते. मालक गोठ्यात. घरातला फोन तवा आत्याबाईपाशी राहे, बटनाचा, कपड्याच्या पिसवीत घालून गळ्यात. फोन वाजला. आत्याबाईनं कानाले लावला. मी दारातून पाहून राहिली होती. लय वेळ आयकत राहिल्या. मंग जोरात म्हणाल्या, "कोन हाय? आयकू नाही येऊन राहिलं. नाही येत आयकू. ठेव." आन फोनचं बटन दाबून धरलं, पार लाईट जाईपर्यंत.

"कोण होतं वो आत्याबाई?" मी म्हटलं.

"कोणाचा तरी चुकून लागला."

परीक्षेले जाणाऱ्याच्या हातावर दहीसाखर ठेवाची रीत हाय. रोज त्याच ठेवत. त्या दिवशी साखर अर्धी खाली सांडली. धाकली पाया पडली तं आत्याबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आन उचललाच नाही. दिनेश बाहेरून हॉर्न वाजवून राहिले. शेवटी धाकलीच म्हणे, "जाऊ ना आत्याबाई?"

"जाय. मांगं पाहू नको."

गाडी गेली. आत्याबाई सूप घेऊन दारात बसल्या. डाळीतले खडे पाहू लागल्या. मी थोड्या वेळानं पाहते तं खडे सुपात आन डाळ भुईवर. मी हाक मारली, तं त्यायले आयकू आलं नाही. त्या दिवशी खरंच आलं नाही.

ऊन वट्ट्यावर चढलं तशा त्या म्हणाल्या, "मोठे, पेपर सुरू झाला असंन आता?"

"झाला असंन. बसली असंन लिहायले."

"दार लावून घेत असतील ना? मधात कोणाले उठवत नाही ना?"

"नाही उठवत."

मंग त्यायनं सूप बाजूले ठेवलं. "मोठ्याले बलाव. माहा भाऊ गेला."

मालक धावत आले. "कवा? फोन कवा आला?"

"आत्ताच."

मी तिथंच उभी होती. फोन बंद होता. आत्ता काही फोन आला नव्हता. आत्याबाईनं माह्याकडं पाहिलं, एकदाच. मी खाली बसून भुईवरची डाळ वेचू लागली.

तुमी म्हणान, काहून लपवलं असंन? आमच्या इकडच्या माणसाले हे सांगा लागत नाही. मामा गेला म्हटल्यावर दोघं भाचे मातीले जातीनच. घरातल्या सगळ्या बाया जातीन. मामाची माती आन घरातली सून पेपर देऊन राहिली, असं कोणी सपनातबी आणलं नसतं. स्वता धाकलीनंच पुस्तक खाली ठेवलं असतं. आन एक वर्ष गेलं का पुढचं कोण देते? आत्याबाईले हे सगळं माहीत होतं. सांगतलं का संपलं.

मालकायनं जीप केली. अकोट, अमरावती, मंग पुढं. रस्त्यानं आत्याबाई लूच्या झळा तोंडावर घेत बसल्या. आमी पोचलो तवा नदीवरून माणसं वापस येऊन राहिली होती, डोक्यावर ओले टॉवेल टाकून. आत्याबाई जीपमधून उतरल्या आन नदीकडं पाहून राहिल्या. तिकडं धूर होता. दुसरं काही नव्हतं पहाले.

भावजय दारात बसली होती. आत्याबाई तिच्या गळ्यात पडाले गेल्या तं तिनं हात आडवा धरला.

"सकाळी सातले फोन लावला पोरानं. मंग पुन्हा लावला, तं बंद. बहिणीची वाट पाहा म्हणत होते सगळे. या उनात किती वेळ ठेवाव मातीले?"

आत्याबाई म्हणाल्या, "मले आयकू नाही आलं."

"त्याचं तं तुले सगळं आयकू ये. कुजबुजलेलंबी आयकू ये. मेल्याचंच नाही आलं?"

"नाही आलं."

"बहिरी नाहीस तू. दगड हायस."

आत्याबाईनं तेबी आयकून घेतलं. दुसरी एखादी असती तं सांगून मोकळी झाली असती, का बाई, असं असं कारण होतं. त्यायनं नाही सांगतलं. सांगतलं असतं तं लोकायनं धाकलीले धरलं असतं, का हिच्या पेपरापायी. दगड म्हणून घेणं त्यायले सोपं वाटलं.

तेरवीले आमी सगळे गेलो, धाकलीबी. तिथं भावजय पुन्हा सगळ्यायच्या समोर सातच्या फोनाचं बोलली. धाकली माह्या बाजूले बसली होती. मले हळूच म्हणे, "बाई, सातले तं आपण घरीच होतो ना?" तिचं तोंड पांढरं पडलं. पोट्टी हुशार होती, सांगा लागलं नाही.

घरी आल्यावर ते आत्याबाईच्या पायाशी जाऊन बसली. "काहून केलं वो तुमी असं? माहा पेपर काय भावाहून मोठा होता?"

आत्याबाईनं सूप ओढून घेतलं. "काय म्हणते, समजत नाही बाप्पा. पास झाली तं सांगजो. तेवढं आयकू येईन."

ते पास झाली. दिनेश तेल्हाऱ्याहून निकाल पाहून आले. धाकली ओसरीवर येऊन हळूच म्हणे, "आत्याबाई, झाली पास." "आयकू नाही आलं." "पास झाली." "जोरात सांग, पोरी." धाकली वरडली, तशी सगळी गल्ली दारात आली. आन आत्याबाई रडायले लागल्या. माती झाली, तेरवी झाली, तवा एक टिपूस आला नव्हता. त्या दिवशी कपाळ भिंतीले टेकवून रडल्या. बाया म्हणत, "सून पास झाली त्याचं कवतिक हाय म्हातारीले." मी म्हटलं, हो.

माहेर तुटलं ते तुटलंच. दिवाळी आली. भाऊबिजेच्या दिवशी सगळ्यायच्या घरी भाऊ आले. आत्याबाईनं ताट केलं, आंगणात गेल्या आन चंद्राले ओवाळलं. ज्या बाईले भाऊ नाही ते चंद्राले ओवाळते. मी दारात उभी होती आन माह्यामांगं धाकली. पुढं जत्रा आली. इकडून गाड्या गेल्या, लोकं जाऊन आले, कोणी परसाद आणून देल्ला. आत्याबाईनं तो कपाळाले लावला आन म्हणाल्या, "गर्दी होती काय?" बस्स, एवढंच.

धाकलीनं हे सगळं पाहिलं. तिथंच तिचं शिक्षण अडकलं. दुसऱ्या वर्षाचे पैसे दिनेशनं आणून देल्ले होते, कोणी नाही म्हटलं नव्हतं, मालकबी नाही. पण तिनं प्रवेश घेतलाच नाही. मले म्हणे, "बाई, पुस्तक उघडलं का मले ताट घेऊन उभ्या राहिलेल्या आत्याबाई दिसतात. मले नाही वाचवत."

मी तिले समजावलं. आत्याबाई काही समजावू शकत नव्हत्या. समजावा लागलं असतं तं कबूल करा लागलं असतं. त्या आपल्या पाऊस लागल्यावर, जवा कॉलेजं उघडतात तवा, म्हणत, "धाकले, माहे कान लय दुखून राहिले. अकोल्याले जा लागते." दर साली म्हणत. धाकली त्यायच्या कानात गरम तेल टाके आन म्हणे, "बरे होतीन, आत्याबाई." कशाचे बरे होतात? दुसऱ्या साली पुन्हा दुखत.

मले आज वाटते ते एवढंच. आत्याबाईनं पोरीले जे देल्लं ते लय जड होतं. त्यायनं सोपं करून देल्लं नाही, त्यायले सोपं कधी भेटलंच नव्हतं तं देतीन कुठून? आन धाकली जराशी निबर असती तं उचलून घेतलं असतं. ते मऊ निघाली. दोघीयचं एकमेकीवर मन होतं, आन त्या मनानंच काम बिघडवलं. कोणाले दोष द्याव?

आत्याबाई गेल्या ते कपाशीचा दुसरा वेचा चालू होता तवा. दम्यानं पार वाळून गेल्या होत्या. दुपारची वेळ, सगळे वावरात, घरात आमी दोघीच सुना. त्यायनं धाकलीचा हात धरला.

"दुसऱ्या वर्षाचं काय झालं वो?"

धाकलीनं माह्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मंग ते म्हणे, "झाली पास, आत्याबाई."

आत्याबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. डोळे एकदम साफ होते.

"आयकू नाही आलं."

"पास झाली म्हणतो मी."

"नाही आलं आयकू."

धाकली कानापाशी तोंड नेऊन वरडली, "झाली ना पास! दुसरं वर्ष झालं!" आवाज फाटला तिचा. आत्याबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला, हळूच, लहान लेकरायच्या फिरवतात तसा.

"नाही वो पोरी," त्या म्हणाल्या. "काहीच आयकू नाही आलं."

मंग त्या बोलल्या नाही. सांज होऊन माणसं वावरातून आली तवा सगळं झालं होतं.

आता माहे मालकबी नाहीत. दिनेशले अमरावतीले काम लागलं, संत्र्याच्या मंडीत, तवापासून धाकली तिकडंच राहते. लेकरं मोठी झाली तिची, पोरगी कॉलेजात जाते. ते पुस्तकं तिनं टाकले नाहीत, पोत्यात बांधून इथंच माळ्यावर ठेवले हायेत. मी दर दिवाळीले धूळ झटकते आन तसेच ठेवते.

माहे कान आता खरंच गेले. आत्याबाईसारखे नाही, खरेच. दूध उतू जाते, मले वास आल्यावर समजते. धाकली दर आठ दिवसाले फोन करते, लय जीव लावते. तब्येत विचारते, पोरायचं सांगते, संत्र्याले भाव नाही म्हणते. मी तिले दर खेपेले एकच विचारते, "भरलं काय वो बी.ए.चं?" पोरगी संगं हाय, पोरीसंगं अभ्यासाले बसता येईन, वय कोणी विचारत नाही, हे सगळं तिनंच मले सांगतलेलं हाय.

तं ते म्हणते, "या साली घरात लय काम हाय, बाई. पुढच्या साली पाहू."

एवढं मात्र मले साफ आयकू येते. मी फोन दुसऱ्या कानाले लावते आन म्हणते, "काय म्हणते वो? आयकू नाही आलं."